सात-बारा कुणाच्या नावावर? लहान रुग्णालयात ट्रॉमा युनिट उभं करताना

प्रश्न थोडक्यात असा: महामार्गापासून चार किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी ६० खाटांचं रुग्णालय आहे. एक सर्जन, एक ऑर्थोपेडिक, फोन केल्यावर येणारे दोन भूलतज्ज्ञ, सीटी स्कॅन आणि चार खाटांचा आयसीयू. गंभीर अपघाताचे पेशंट सतत येतात, बरेचसे पुढे पाठवावे लागतात. संचालकांनी ‘ट्रॉमा युनिट’साठी, म्हणजे गंभीर अपघाताच्या जखमींसाठीच्या विभागासाठी, पैसे मंजूर केलेत. आधी काय घ्यावं, व्हेंटिलेटर की सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र)? आणि गावात न्यूरोसर्जन नसताना या फंदात पडावं का?

आधी घड्याळ घ्या. भिंतीवरचं, मोठ्या आकड्यांचं, सेकंदकाट्याचं. असली तीन घ्या आणि कॅज्युअल्टी, सीटी रूम, ओटी (ऑपरेशन थिएटर) या तिन्ही ठिकाणी एकाच वेळेला जुळवून लावा. मी थट्टा करत नाही, पण कारण नंतर सांगतो.

मी जनरल सर्जन. शिकत असताना मुंबईत लोकलखाली सापडलेली माणसं पाहिली आणि त्यानंतरची बावीस वर्षं ऊस, घाट आणि महामार्ग या त्रिकोणात काढली. त्यातली एक रात्र सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

गळिताचा हंगाम होता. रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटरसायकल आदळली. तिशीतला माणूस, रात्री सव्वाअकराला जीपमधून आला. मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, थोडं असंबद्ध बोलत होता. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने ऑर्थोपेडिकला फोन केला. ते आले, मोडलेला पाय ताणून धरणारी थॉमस स्प्लिंट लावली, लिहून ठेवलं की डोक्याचं आधी पाहावं. फिजिशियन बीपीसाठी आले, त्यांनी सलाईन वाढवलं. न्यूरोसर्जनशी फोनवर बोलणं झालं, ते म्हणाले सीटी काढा. सीटीच्या टेबलावर बीपी ८० झालं. मला एक वाजता ‘पोटाच्या ओपिनियनसाठी’ बोलावलं. पोट तट्ट फुगलेलं होतं. आत प्लीहा फुटली होती, आणि पेशंट येऊन पावणेदोन तास उलटले होते. ओटीत घेतला, टेबलावरच गेला.

दुसऱ्या दिवशी मी केसपेपर घेऊन बसलो. पाच हस्ताक्षरांत पाच नोट्स होत्या. एकेक नोट वाचली तर कुणाचं काहीच चुकलेलं नव्हतं. मांडी बघणाऱ्याने मांडी नीट बघितली होती, डोक्याची चौकशी करणाऱ्याने डोक्याची केली होती. मी सुद्धा बोलावल्यावर दहा मिनिटांत पोचलो होतो. फक्त पाचांपैकी एकाही नोटेत ‘हा पेशंट माझा’ असं लिहिलेलं नव्हतं. जमिनीला सात-बारा असतो, त्यावर कुणाचं तरी नाव असतंच. या माणसाच्या सात-बारावर कुणाचंच नाव नव्हतं.

तुमचं ट्रॉमा युनिट म्हणजे ते नाव आधीच लिहून ठेवणं. बाकी सगळं, अगदी व्हेंटिलेटरसुद्धा, त्याच्या नंतर.

हे लिहून ठेवायचं म्हणजे अक्षरशः लिहायचं. आमच्याकडे एक पानी नियम आहे: ट्रॉमाचा इशारा वाजला की पेशंट त्या दिवशीच्या ऑन-कॉल सर्जनचा. मोडलेलं काहीही असो, पहिले २४ तास तोच मालक. ऑर्थो, न्यूरो, फिजिशियन त्याला सल्ला देतील, पण पेशंट कुठे जाणार, केव्हा जाणार, आधी काय होणार हे तो ठरवेल. सर्जन पोचेपर्यंत कॅज्युअल्टीचा डॉक्टर मालक, मग तो कितीही नवखा असो. २४ तासांनंतर पेशंट दुसऱ्याच्या नावावर करायचा असेल तर देणारा आणि घेणारा दोघांची सही. या पानावर सगळ्या कन्सल्टंट मंडळींच्या सह्या आहेत, आणि त्या मिळवायला मला आठ महिने लागले.

आठ महिने का? तत्त्वाला कुणाचाच विरोध नव्हता, अडलं ते पैशावर. खाजगी रुग्णालयात पेशंट ज्याच्या नावावर भरती होतो, त्याचं बिल मोठं लागतं. मांडीचं ऑपरेशन ऑर्थोचं, मग पेशंट सर्जनच्या नावावर का? हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणी उघड विचारत नाही, चहाच्या वेळी विचारतात. आम्ही शेवटी असं केलं, की ट्रॉमाच्या इशाऱ्याला जो जो येईल त्याला ठरावीक रक्कम, पेशंट कुणाच्याही नावावर असो, जगो वा न जगो, पुढे पाठवला तरीही. ऑपरेशनची फी ज्याची त्याला. त्या दिवसापासून रात्री दोन वाजता माणसं यायला लागली. तुमच्या मंजूर पैशांतला पहिला हप्ता इथे घाला, असं मी संचालकांना स्पष्ट सांगेन.

यंत्रांपेक्षा व्यवस्था माणूस वाचवते हा माझा शोध नाही. १९७९ मध्ये वेस्ट, ट्रंकी आणि लिम यांनी कॅलिफोर्नियातल्या दोन भागांतले अपघाती मृत्यू शेजारी ठेवून तपासले. सॅन फ्रान्सिस्कोत सगळे गंभीर जखमी एकाच सज्ज केंद्रात जात. ऑरेंज काउंटीत जे रुग्णालय जवळ असेल तिथे जात. ऑरेंज काउंटीत, मेंदूची दुखापत सोडून इतर कारणांनी झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश टाळता आले असते असं निघालं. सॅन फ्रान्सिस्कोत असा मृत्यू जेमतेम एक. ऑरेंज काउंटी काही गरीब नव्हती, डॉक्टरही तिथे चांगलेच होते. इंग्लंडला हे अंगी लावायला पुढची तीस वर्षं लागली. लंडनमध्ये २०१० साली आणि देशभर २०१२ साली त्यांनी गंभीर जखमींसाठी रुग्णालयांची जाळी बांधली. तेव्हा आपल्याला उशीर झाला म्हणून फार शरमायला नको.

आता इशारा. पुस्तकांत लिहिलेलं असतं की रुग्णवाहिका आधी कळवते आणि टीम तयार उभी राहते. आपल्याकडे २०१४ पासून १०८ आहे, तिच्यात डॉक्टर असतो, आणि त्यांच्याशी नीट संबंध ठेवले तर ते खरंच आधी फोन करतात. त्यांना तुमच्या कॅज्युअल्टीचा एकच नंबर द्या, तो मोबाइल रात्री चार्जिंगला कोण लावणार तेही ठरवा. पण आमचे निम्मे पेशंट आजही जीप, टेम्पो, दुधाच्या गाडीतून येतात. त्यांची वर्दी कुणीच देत नाही. त्यांना पहिल्यांदा बघतो तो गेटवरचा वॉचमन. म्हणून आमचा इशारा वॉचमनच्या हातात आहे. गेटला शाळेची पितळी घंटा टांगली आहे. माणूस आडवा करून आणला आणि हाक मारल्यावर नीट बोलत नाही, किंवा अंगाखाली रक्त साचलंय, की त्याने घंटा वाजवायची. चुकून वाजली तर त्याला कुणी बोलायचं नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं आहे. सुरुवातीला एकदा एका नव्या डॉक्टरने ‘दारू प्यायलाय, घंटा कशाला वाजवली’ म्हणून त्याला झापलं. त्यानंतरचे दोन आठवडे घंटा वाजलीच नाही.

आत आल्यावर सिस्टरसाठी निकष साधे हवेत. आमच्या फलकावर पाच ओळी आहेत: वरचं बीपी ९० च्या खाली, नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा, सांगितलेलं ऐकत नाही, श्वास मिनिटाला १० च्या खाली किंवा २९ च्या वर, छाती-पोटात घुसलेली जखम किंवा दोन मोठी हाडं मोडलेली. यातलं एक जरी असलं तरी पूर्ण टीम. दुसरी ओळ माझी आवडती. नाडी ११५ आणि बीपी ११० असलेला पेशंट कागदावर ठीक दिसतो, आणि बहुतेक वेळा तोच तासाभरात आपल्या तोंडचं पाणी पळवतो.

खोलीत कोण कुठे उभं राहणार हे आम्ही जमिनीवर रंगाने रेखून ठेवलं आहे. डोक्याशी भूलतज्ज्ञ, तो नसेल तेव्हा कॅज्युअल्टीचा डॉक्टर: श्वासनलिका आणि मान त्याची. उजव्या हाताला तपासणारा, डाव्या हाताला शिरेत दोन जाड इंट्राकॅथ (सलाईन-रक्त द्यायच्या नळ्या) घालणारी आणि रक्ताचे नमुने घेणारी सिस्टर. पायथ्याशी सर्जन, म्हणजे मालक. त्याने पेशंटला हात लावायचा नाही. आम्हा सर्जनना हे सगळ्यात जड जातं. हात शिवशिवतात. पण ज्याने छातीत नळी घालायला हात घातला त्याची नजर बीपीवरून सुटली, हे मी स्वतःवरून सांगतो. तुमच्याकडे माणसं कमी आहेत, सर्जनलाच नळी घालावी लागेल, हे मान्य. मग तेवढ्या वेळापुरतं मोठ्याने म्हणायचं, ‘लीडर आता तुम्ही’, आणि कुणाला ते नाव घेऊन सांगायचं. हातमोजे काढले की परत घ्यायचं.

पाचवी व्यक्ती भिंतीपाशी, मार्कर घेऊन. ही आमची लिहिणारी सिस्टर, आणि माझ्या मते खोलीतली दुसऱ्या क्रमांकाची महत्त्वाची. पेशंट किती वाजता आला, बीपी किती, कोणतं औषध किती वाजता, पहिली रक्ताची बाटली कधी लागली, हे ती पांढऱ्या फलकावर लिहिते. दर पाच मिनिटांनी मोठ्याने वाचते: ‘आठ मिनिटं झाली, बीपी ८४, रक्त अजून आलेलं नाही.’ डॉक्टरला असं टोकायला सिस्टर लाजतात. त्यांना ते टोकणं म्हणजे काम आहे, आगाऊपणा नाही, हे पटवायला वेळ लागतो. आणि हो, घड्याळ त्यासाठी. पूर्वी आमच्या कॅज्युअल्टीचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं आणि ओटीचं चार मिनिटं मागे. कागदोपत्री आमचे पेशंट निघायच्या आधीच पोचायचे.

पेशंट ट्रॉलीवरून बेडवर घेताना अर्धा मिनिट सगळे गप्प. आणणारा सांगेल: काय झालं, कधी झालं, काय दिसलं, काय दिलं. १०८ चा डॉक्टर असो की जीपचा ड्रायव्हर. एकदा एका ड्रायव्हरने सांगितलं, ‘साहेब, स्टिअरिंग वाकलं होतं, ह्यांना काढायला पहार लागली.’ त्या एका वाक्यावरून आम्ही छातीचा एक्स-रे पुन्हा नीट पाहिला.

तपासायचा क्रम तुम्हाला माहीत असेलच: वाहतं रक्त, मग श्वासनलिका, छाती, रक्ताभिसरण, मेंदू, आणि मग अंगावरचे कपडे पूर्ण काढून सगळं शरीर. या क्रमाची जन्मकथा जाता जाता सांगतो. १९७६ साली जेम्स स्टायनर नावाचे ऑर्थोपेडिक सर्जन स्वतःचं छोटं विमान चालवत कुटुंबासह चालले होते. ते नेब्रास्कात शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी. रस्त्यावरून जाणारी एक गाडी कशीबशी थांबवून जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठलं तर दार बंद. उघडल्यावर जे उपचार झाले ते पाहून ते हादरले, आणि त्या उद्वेगातून १९७८ मध्ये एटीएलएसचा (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) पहिला कोर्स झाला. आज जगभर शिकवतात तो. तो कोर्स तुमच्या दोघा-तिघांनी करावाच. पण मला त्या गोष्टीतलं बंद दार जास्त आठवतं. आमच्या कॅज्युअल्टीत छातीच्या नळ्या कपाटात होत्या, कपाटाला कुलूप, आणि किल्ली मेट्रनच्या, म्हणजे मुख्य सिस्टरच्या, जुडग्यात. रात्री मेट्रन घरी.

रक्ताबद्दल जरा लांबण लावतो, कारण पैशाचा दुसरा हप्ता इथे जायला हवा. रक्तस्रावाच्या पेशंटला आपल्याकडे सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावायची सवय आहे. पाहुणे आले म्हणून आमटीत पाणी वाढवावं तसं ते आहे: भांडं भरलेलं दिसतं, आमटी पातळ होते. रक्त गोठवणारे घटक विरळ होतात, अंग गार पडतं, गार रक्त गोठत नाही, मग आणखी वाहतं. एक लिटरच्या पुढे मी सलाईन जाऊ देत नाही, तेही कोमट. त्यानंतर रक्तच. तुमच्याकडे रक्तपेढी नसेल तर रक्तसाठवणूक केंद्राची परवानगी काढा आणि ओ पॉझिटिव्हच्या चार पिशव्या कायम राखीव ठेवा. त्या गर्भाशयाच्या ठरलेल्या ऑपरेशनला द्यायच्या नाहीत, संचालकांच्या मेहुण्यालाही नाहीत. ओ निगेटिव्ह मिळणं आपल्याकडे मुश्कील, ते तरुण मुली आणि बायकांसाठी जपा. पुरुषांना जीव वाचवायला ओ पॉझिटिव्ह चालतं. मात्र नमुना आधी काढून ठेवा, रक्त नंतर लावा. त्याचं एक कारण म्हणजे बॉम्बे रक्तगट. १९५२ साली तो आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवला. तो नेहमीच्या तपासणीत ओ दिसतो, पण त्या माणसाला ओ रक्तही चालत नाही. दुर्मिळ आहे, तरी जगाच्या मानाने आपल्याकडे जास्त.

जिल्ह्याच्या रक्तपेढीशी लेखी ठरवा: एका फोनवर चार पिशव्या लाल पेशी आणि चार प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला गोठवणारे घटक असलेला द्रव. गोठवलेला प्लाझ्मा वितळवायला अर्धा तास जातो, म्हणून फोन पेशंट कोसळण्याआधी जायला हवा. आणायला कोण जाणार, कुठली गाडी, पेट्रोल कुणाचं हेही लिहा. बदली रक्तदाता आणा, मग पिशवी देतो, हा प्रकार इथे चालणार नाही. आधी पिशवी, दाते गावातून शंभर मिळतात, पण सकाळी. पिशवीसोबत कॅल्शियम द्यायला विसरू नका.

आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध. तुमच्या स्त्रीरोगवाल्यांच्या कपाटात ते आहेच. ४० देशांतल्या २० हजारांहून जास्त जखमींवर झालेल्या क्रॅश-२ या चाचणीचे निष्कर्ष २०१० आणि २०११ मध्ये आले: लवकर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, तीन तास उलटल्यावर दिलं तर उलट अपायच होऊ शकतो. एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत. इतकं स्वस्त आणि इतकं विसरलं जाणारं दुसरं औषध माझ्या माहितीत नाही. ‘अपघात किती वाजता झाला’ हे फलकावर पहिल्या ओळीत लिहायचं ते याचसाठी.

ओटीपोटाचं हाड उघडलं असेल तर महागडा पट्टा नसला तरी चालतं. बेडशीटची घडी वीतभर रुंद करा आणि कंबरेला नव्हे, त्याच्या खाली, मांडीच्या हाडाचा उंचवटा बाजूला हाताला लागतो तिथे गुंडाळा. दोघांनी ओढून पीळ घाला, दोन मोठे चिमटे लावून पक्की करा, गुडघे एकत्र बांधा. आमच्या वॉर्डबॉय मामांना हे माझ्यापेक्षा चांगलं जमतं. नवे डॉक्टर दर वेळी कंबरेलाच बांधतात, बेंबीच्या रेषेत, धोतर नेसवल्यासारखं.

सीटीबद्दल. ज्याचं बीपी टिकत नाही त्याला सीटीत नेऊ नका, हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. त्याला लागतं पोटाची चार ठिकाणची झटपट सोनोग्राफी, कॅज्युअल्टीतच. पण मशीन कॅज्युअल्टीत हवं असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली त्या जागेची आणि वापरणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी आधी करून घ्या. ऐनवेळी सीलबंद मशीनकडे बघत बसलेले सर्जन मी पाहिलेत. आणि मशीन नाहीच मिळालं, पोट फुगतंय, दोन पिशव्या जाऊनही बीपी उठत नाही, तर कशाची वाट बघायची? उघडा. रक्त थांबवा, आतडं फाटलं असेल तर टोकं बांधा, पोट तात्पुरतं झाकून आयसीयूत आणा. उरलेलं दुसऱ्या दिवशी. पहिल्याच रात्री सगळं शिवून सुंदर करायचा हट्ट पेशंट थंड पडेपर्यंत चालतो.

न्यूरोसर्जन नाही म्हणून थांबायचं का? अजिबात नाही. जबर मार लागलेल्या मेंदूला पहिल्या काही तासांत दोन गोष्टी मारतात: प्राणवायूची कमतरता आणि बीपीची घसरण. वरचं बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेलं तरी मृत्यूचं प्रमाण दुप्पट होतं, हे १९९३ पासून माहीत आहे. हे दोन्ही सांभाळायला न्यूरोसर्जन लागत नाही. श्वासनलिकेत ट्यूब, ऑक्सिजन, आणि पोटातला रक्तस्राव थांबवणं. प्लीहा वाहत असताना ‘हेड इंज्युरी आहे, पुढे न्या’ म्हणून अडीच तासांच्या रस्त्याला लावलेला पेशंट डोक्याच्या नावाखाली पोटाने मरतो. गोष्टीतला तो मोटरसायकलवाला तसाच होता. त्याच्या मेंदूचा सीटी मी नंतर पाहिला. किरकोळ मार होता.

पुढे पाठवायचा तोही रीतसर. निर्णय पहिल्या २० मिनिटांत. आपण ज्यावर काहीच करणार नाही असे स्कॅन काढत बसायचं नाही. फोन सर्जनने सर्जनला करायचा, रिसेप्शनने रिसेप्शनला नाही. मोठ्या शहरातल्या दोन रुग्णालयांशी आधीच बसून ठरवा की तुमचा फोन आला तर ‘बेड नाही’ हे उत्तर नसेल. इंग्लंडच्या जाळ्यात मोठ्या केंद्राने नाही म्हणायचंच नाही असा नियम आहे. आपल्याकडे तो ओळखीवर चालतो, तर ओळख तरी करून ठेवा. वर्षातून एकदा तिथल्या निवासी डॉक्टरांना जेवायला बोलावण्यासारखी गुंतवणूक नाही. सोबत कोण जाणार त्याचं नाव लिहा. ऑक्सिजनचा हिशोब करा: १५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला १० लिटरने १५० मिनिटं चालतो. काटा निम्म्यावर असेल तर ७५. घाटात ट्रक उलटलेला असतोच, असं धरून दुसरा ठेवा. आमचा एक पेशंट घाटात सिलिंडर संपल्यावर पाऊण तास हाताने दाबून श्वास द्यायच्या फुग्यावर जगला, आणि फुगा दाबणारा ब्रदर दुसऱ्या दिवशी चमचा धरू शकत नव्हता.

पैसे आणि पोलीस यांबद्दल फार नाही सांगत. जीव वाचवणारे उपचार कागदपत्रांसाठी थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. २०२५ च्या केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार आहेत. तिच्यासाठी आणि महात्मा फुले योजनेसाठी नोंदणी करून घ्या आणि आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, नंबर फलकावर लावा. जखमीला आणणाऱ्याला मात्र अडकवू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं, नाव सांगायची सक्ती नाही. आमच्याकडे एका दूधवाल्याला क्लार्कने दोन तास बसवून ठेवलं होतं, त्याचं दूध नासलं. तो पुन्हा कुणाला उचलेल का?

नातेवाइकांशी एकानेच बोलायचं, पेशंट आल्यापासून १५ मिनिटांत, उभ्याने नाही, बसून. खोलीत पाच डॉक्टर आणि बाहेर पाच वेगवेगळ्या बातम्या, यातून काचा फुटतात. २०१० चा डॉक्टर संरक्षण कायदा काचा फुटल्यावर कामाला येतो.

ओळख न पटलेल्या पेशंटचं एक. ‘अनोळखी पुरुष १’ आणि ‘अनोळखी पुरुष २’ असे दोघे एका रात्री आले आणि रक्ताचे नमुने बदलता बदलता राहिले. तेव्हापासून आम्ही नद्यांची नावं देतो: अनोळखी कृष्णा, अनोळखी कोयना, अनोळखी नीरा. हातावर पट्टी, नमुन्यावर तेच नाव. एकदा शुद्धीवर आलेल्या माणसाला मावशी आठवडाभर ‘कोयनाभाऊ’ म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पेशंट स्थिर असेल तर, डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत नव्याने तपासा, जणू आत्ताच आलाय. रात्री मोठं काहीतरी वाचवताना छोटं काहीतरी सुटतंच. आमच्या एका पेशंटचं यकृत वाचवलं, सगळे खूश. तीन आठवड्यांनी आला, म्हणाला मनगट दुखतंय. मोडलेलं होतं आणि वाकडं जुळलं होतं. तो केस कापायचं काम करायचा. त्याच्या लेखी त्याचं यकृत नव्हे, मनगट गेलं होतं. तेव्हापासून पहिल्या दिवसापासून फिजिओथेरपिस्ट राउंडला असतो, आणि पेशंटचा धंदा काय हे केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहितो.

महिन्यातून एकदा तासभर बसा. वॉचमन, सिस्टर, ब्रदर, लॅब, रक्त आणणारा ड्रायव्हर, सगळे. एक साधी वही पुरते: पेशंट आला, सर्जन आला, पहिली पिशवी लागली, ओटीत गेला किंवा गाडी सुटली, या चार वेळा, आणि शेवटी काय झालं. गेलेल्या प्रत्येकाबद्दल विचारायचं, कुठली दहा मिनिटं वाया गेली. कुणाची चूक हे विचारलंत की पुढच्या महिन्यात वहीतल्या वेळा सुंदर होतात.

तुमच्या यादीवर येतो. व्हेंटिलेटर एक घ्या, गाडीत नेता येईल असा. सी-आर्म पुढच्या वर्षी. त्याआधी: रक्त ठेवायचा फ्रीज, रक्त-सलाईन कोमट करायचं यंत्र, सक्शन मशीन दोन, कारण एक नेहमी बंद असतं, छातीच्या नळ्या उघड्या रॅकवर, कपडे कापायच्या मजबूत कात्र्या, आणि ब्लँकेटं. ब्लँकेटं भरपूर.

हे सगळं झालं की एका मंगळवारी, रात्री दोन वाजता, कुणालाही न सांगता एका वॉर्डबॉयला ट्रॉलीवर झोपवा आणि घंटा वाजवा. आमच्या पहिल्या वेळी सर्जन, म्हणजे मी, १४ मिनिटांत पोचलो. भूलतज्ज्ञ १९. ओटीची किल्ली ३१. ती सिक्युरिटीच्या केबिनमध्ये गणपतीच्या फोटोमागे होती, आणि ते माहीत असलेला एकमेव माणूस त्या रात्री ट्रॉलीवर बेशुद्ध असल्याचं सोंग घेऊन पडला होता. त्याला सांगितलं होतं काहीही झालं तरी बोलायचं नाही.